सगळीच खरूज नसते

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे ४११००५

विषय : वारज्यातली खाजणारी कुत्री-मांजरं, मोकळ्या भूखंडांवरचं गाजर गवत आणि श्वान परवान्याचा एक जादा उपयोग

महोदय,



पावसाळा लागला की वारजे-माळवाडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो हमखास येतो. गेटपाशी बसलेलं एक कुत्रं, कंबरेवरचे केस गेलेले, पोट लालभडक, कान खाजवून सोललेले. खाली मजकूर असतो, ‘खरजुलं कुत्रं आलंय, मुलांना सांभाळा.’ दहा मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘महापालिकेला फोन करा, उचलून नेतील.’ आणि एखादा उत्साही गृहस्थ महामार्गालगतच्या गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल आणून त्या कुत्र्याच्या अंगावर ओततो. जुना उपाय आहे म्हणे. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं.

या पत्रात मला एवढंच मांडायचं आहे, की यातली बरीच कुत्री खरजुली नसतात. त्यांना ॲलर्जी असते. ती कुणाला लागत नाही, आपल्या मुलांना नाही आणि शेजारच्या कुत्र्यालाही नाही. ॲलर्जी ही मालकाची आणि डॉक्टरची खासगी बाब वाटते, पण वारज्यात तिची काही मुळं महापालिकेच्या जमिनीत आहेत, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

आधी ओळखीचा घोळ. खरूज म्हणजे कातडीत बीळ करून राहणारा किडा. तो बहुतेकदा कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे धरतो. तो दुसऱ्या कुत्र्याला लागतो आणि माणसालाही काही दिवस खाजवायला लावतो, ही भीती खरी आहे. दुसरा एक किडा, डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहतो. त्यानं टक्कल पडतं, पण तो संसर्गजन्य नाही. तिसरं गजकर्ण, म्हणजे बुरशी. ती लागते, आणि मांजरांच्या पिलांकडून जास्त लागते. ॲलर्जीची खाज मात्र पंजे, बगला, जांघा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि कान इथे असते. कुत्रं पंजे चाटतं, चावतं, डोकं झटकतं, पोट फरशीवर घासतं. महिनोन् महिने असं चाललं की कातडी जाड, काळपट, सुरकुतलेली होते, वर जंतू आणि यीस्ट माजतात, अंगाला कुबट वास येतो. मग लांबून हे चारही रोग सारखेच दिसतात. जवळून, पात्यानं कातडी हलकी खरवडून काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर डेमोडेक्स पुष्कळदा तिथल्या तिथे सापडतो, खरजेचा किडा मात्र कधीकधी निसटतो. तपासणी स्वस्त आहे. खरजेचा किडा असला तरी आता काही गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी तो आटोक्यात येतो. म्हणजे गटावर ज्या रोगाची दहशत आहे तो बरा होणारा आहे, आणि ज्याला आपण ओळखतच नाही तो जन्मभर सांभाळायचा आहे.

सांभाळायचा या शब्दावरच पुष्कळ घरं फसतात. हौसेनं आणलेलं लॅब्रॅडॉर, पग किंवा शित्झू सहा महिन्यांचं ते तीन वर्षांचं असताना खाजायला लागतं. वयाच्या याच टप्प्यावर वातावरणातल्या ॲलर्जीची सुरुवात होते आणि या जातींत ती जास्त आढळते. पहिल्या महिन्यात डॉक्टर, दुसऱ्यात दुसरा डॉक्टर, तिसऱ्यात शेजाऱ्यानं सांगितलेलं करंज तेल. सहाव्या महिन्यात घरातले म्हणतात, ‘याचं काही बरं होत नाही.’ मग एके दिवशी शिवण्याच्या बाजूला नाहीतर डुक्कर खिंडीकडे गळ्यात पट्ट्याची खूण असलेलं एक लॅब्रॅडॉर फिरताना दिसतं. त्या मालकाबद्दल मला सहानुभूती नाही. पण ‘ॲलर्जी बरी होत नाही, आटोक्यात राहते’ हे वाक्य अशा मालकांना पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगितलं असतं, तर त्यातले काही जण तरी थांबले असते, असं मला वाटतं.

कारणांत पहिला मान पिसवांचा. पिसवांची ॲलर्जी ही पिसवेच्या लाळेची असते. थोडेसे चावे पुरतात, त्यामुळे ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’ हे मालकाचं म्हणणं आणि कुत्र्याची खाज ही दोन्ही खरी असू शकतात. खाज शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर असली की आधी पिसवांचा संशय घ्यावा. आपल्याला अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकी सगळा संसार अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात फरशीच्या फटीत, सोफ्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात असतो. वारज्यात बांधकाम थांबलेलं मला आठवत नाही, त्यामुळे वाळूचे ढीग मुबलक आणि त्यांत झोपणारी कुत्रीही मुबलक. कोषातली पिसू महिनोन् महिने तग धरते. म्हणून एका कुत्र्याच्या मानेवर एकदा औषधाचा थेंब टाकून काही होत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना ठरल्या अंतरानं बारा महिने औषध द्यावं लागतं आणि जागाही झाडून-पुसून कोरडी ठेवावी लागते.

दुसरं कारण खाणं, आणि इथे पुणेकर वाद घालतो. ‘तो लहानपणापासून चिकन-भातच खातोय, आज कुठून ॲलर्जी आली?’ याचं उत्तर एका कुत्र्यानं प्राण देऊन दिलं आहे. १९०२ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे समुद्रफुलाच्या विषावर काम करत होते. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला त्यांनी थोडं विष टोचलं, त्याला काही झालं नाही. बावीस दिवसांनी तेवढंच विष पुन्हा टोचलं आणि तो पंचवीस मिनिटांत गेला. पहिल्या भेटीनं शरीराला सवय होण्याऐवजी ते चवताळलं होतं. या शोधासाठी रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. खाण्याच्या ॲलर्जीत इतका भडका क्वचितच उडतो, पण तत्त्व तेच आहे. शरीर आधी ओळख करून घेतं, नंतर उलटतं. म्हणून ॲलर्जी बहुधा रोजच्या खाण्याचीच असते, नव्याची नाही. कुत्र्यांमध्ये नोंदलेल्या कारणांत गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू हे वरच्या क्रमांकावर आहेत. मांजरांत गोमांस, मासे, चिकन. आपल्याकडचा बेत बघा. सकाळी दूध-पोळी, दुपारी चिकन-भात, संध्याकाळी आजोबांच्या हातचं ग्लुकोज बिस्कीट, उन्हाळ्यात दहीभात. चारातले तीन संशयित रोज एकाच ताटात.

याची खात्री रक्त, लाळ किंवा केस तपासून होत नाही. तसे संच विकले जातात. परदेशात एका चाचणीत खेळण्यातल्या कुत्र्याची कृत्रिम लव आणि निर्जंतुक मिठाचं पाणी पाठवलं, तर त्यालाही ॲलर्जी असल्याचे अहवाल आले. खरी तपासणी एकच, आणि ती कंटाळवाणी आहे. पूर्वी कधी न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनं बारीक तोडून बनवलेलं डॉक्टरांनी सांगितलेलं खाद्य, सलग आठ आठवडे. दुसरं काहीही नाही, चघळायची हाडं नाहीत, गोळीवरचा चिकनचा स्वाद नाही, बिस्कीट तर नाहीच. खाज उतरली तर जुनं खाणं पुन्हा देऊन ती परत येते का पाहायचं, तेव्हा निदान पक्कं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत हा प्रयोग तिसऱ्या आठवड्यात आजी-आजोबांच्या मायेपुढे कोसळतो.

तिसरं कारण हवेतलं. गादी-पडद्यांच्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी आणि परागकण. कुत्र्याला माणसासारखी सर्दी-शिंका कमी होतात. त्याची ॲलर्जी कातडीतून दिसते. औषधं बरीच आली आहेत. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड स्वस्त आणि झटपट, पण लांबवलं की पाणी-लघवी वाढते, स्नायू झिजतात, जंतुसंसर्ग होतो, आणि मध्येच एकदम बंद केलं तरी धोका. खाजेचा संदेश रोखणारं ओक्लासिटिनिब २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यानंतर कुत्र्यांसाठी लोकिव्हेटमॅब नावाचं इंजेक्शन आलं. ॲलर्जीकारकाचेच डोस थोड्यापासून वाढवत देण्याची जुनी इम्युनोथेरपीही आहे, तिला गुण यायला महिने लागतात. माणसाच्या सर्दीच्या गोळ्या मात्र कुत्र्याच्या खाजेवर फार काही करत नाहीत, आणि त्यांतल्या काहींत सोबत घातलेली इतर औषधं त्याला घातक असतात. स्टिरॉइडची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते याबद्दल मी आपल्याकडे तक्रार करणार नाही, ते अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे.

आता आपलं काम. ही तिन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. खडकवासल्याचं धरण जूनपासून हळूहळू भरत असतं तेव्हा मुठेकाठी कुणाला काही जाणवत नाही. शेवटच्या दोन पावसांनी ते काठोकाठ भरतं आणि मग विसर्ग होतो. तसंच एखादं कुत्रं घरातल्या धुळीवर वर्षभर तगून असतं. ऑगस्टमध्ये वर पिसवा आल्या, ओल आली, परागकण आले की त्याची सहनशक्ती संपते. म्हणून यातली एखादी गोष्ट जरी कमी केली तरी खाज उतरू शकते. घरातली धूळ आणि पिसवा मालकानं बघाव्यात. रस्त्याकडेचे परागकण त्याच्या हातात नाहीत.

वारज्यात महामार्गाच्या सेवा रस्त्याच्या कडेनं, मुठेच्या काठानं आणि महापालिकेच्या ताब्यातल्या मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात गाजर गवत कंबरेएवढं होतं. हे गवत आणि पुणं यांचं नातं जुनं आहे. १९५० च्या दशकात ते भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यात, आणि १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी भारतासाठी नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं अशी लोकांत समजूत आहे; त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. माणसाच्या कातडीवर त्याचा परिणामही इथेच नोंदला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीला लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी गाजर गवतानं होणारा त्वचादाह वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडी चेतवतं आणि पराग नाक. गुरांनी ते खाल्लं तर त्यांनाही बाधा होते. शहरानं याबाबतीत अज्ञानाचं कारण सांगायची सोय उरलेली नाही.

आता कुत्र्याच्या उंचीवरून पाहा. माणूस त्या गवताच्या कडेनं जातो, कुत्रं आतून जातं. त्याच्या पोटावर, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात केस विरळ असतात, आणि स्पर्शातून होणारी ॲलर्जी तिथेच उमटते. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या कपड्यानं पुसून कोरडं करणं हा साधा उपाय मी प्रत्येक मालकाला सांगतो. पण सकाळ-संध्याकाळ पुसायचं आणि त्याच गवतातून पुन्हा जायचं, याला किती अर्थ आहे?

गवत काढलंच जात नाही असं माझं म्हणणं नाही. ते उशिरा काढलं जातं. गणपतीच्या तोंडावर, फुललेलं असताना, यंत्रानं कापून तिथेच टाकलेलं. एका झाडावर हजारो बिया धरतात. फुलल्यावर कापणं म्हणजे पेरणं. जुलैत, जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी मुळासकट उपटलं तर त्याचं खतही करता येतं. जबलपूरची तण संशोधन संस्था १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. आपल्या पावसाला तो थोडा उशिराचाच आहे, वारज्यात काम जुलैत सुरू व्हावं. आणि ते उपटणाऱ्या कंत्राटी बायकांना हातमोजे आणि मास्क द्यावेत, अशी अट निविदेत लिहून घ्यावी. सेवा रस्त्याकडेला मी त्यांना उघड्या हातांनी हे गवत उपटताना पाहिलं आहे. कुत्र्याच्या खाजेबद्दल पत्र लिहिणाऱ्यानं त्यांच्या हातांबद्दल न लिहिणं लाजिरवाणं होईल.

उपटलेल्या जागी काय, हेही ठरवावं लागेल, कारण मोकळी माती पुन्हा त्यालाच बोलावते. टाकळा दाटीनं पेरला तर तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. पावसाळ्यात त्याची कोवळी भाजी वारज्यातल्या बायका पूर्वी रानातून खुडून आणायच्या, आता मंडईत जुडीला पैसे मोजतात. मेक्सिकन भुंगा हाही उपाय आहे. १९८० च्या दशकात तो मुद्दाम भारतात आणला गेला आणि तो हे गवत खातो. सगळ्यांत टिकाऊ उपाय मात्र आपल्या वारज्यातच आहे. वनविभागाच्या जागेवरची सुमारे चाळीस एकर उजाड टेकडी लोकसहभागातून हिरवी झाली. तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी ५ जून २०२० ला नगरवन योजना जाहीर करताना तिचा आदर्श म्हणून दाखला दिला. देशी झाडांची सावली दाट झाली की गाजर गवत मागे सरतं. देशाला दाखवायला आमच्याकडे वन आहे आणि त्याच्या खाली महापालिकेच्या भूखंडावर गाजर गवत आहे.

दुसरी मागणी परवान्याची. पाळीव कुत्र्याचा परवाना घेताना आणि नूतनीकरण करताना मालक वर्षातून एकदा तरी आपल्या दारात किंवा संकेतस्थळावर येतो. २०२२ मध्ये मांजरांची नोंदणी करण्याचंही महापालिकेनं ठरवलं. परवान्याच्या त्या एका क्षणी रेबीजच्या लशीखेरीज आपण मालकाला काही सांगत नाही. परवान्यासोबत मराठीत एक पान द्यावं. खाज म्हणजे खरूज असं धरून चालू नका, आधी कातडी खरवडून तपासा, जळकं ऑइल लावू नका, ॲलर्जी जन्मभराची असते पण कुत्रं आनंदात जगू शकतं. पान भाषेला साधं हवं, अधिसूचनेच्या भाषेतलं नको.

तिसरी गोष्ट कुत्री पकडणाऱ्या पथकांची. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार वस्तीतलं कुत्रं नसबंदी आणि लसीकरण करून जिथून नेलं तिथेच सोडायचं असतं. खाज सुटली म्हणून त्याला कायमचं हलवायची तरतूद त्यात नाही, आणि सोसायट्यांना हे नीट सांगितलं जात नाही. नसबंदीसाठी आणलेल्या कुत्र्याची कातडी त्याच वेळी खरवडून पाहता येईल, पिसवा-गोचिडाचं औषध देता येईल. खरजेचं कुत्रं बरं होऊन परतेल, ॲलर्जीचं निदान माहीत तरी होईल. यासाठी माणसं शिकवायची तर औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि वारज्याच्या पुलावरून महामार्गानं सरळ दक्षिणेला गेलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पत्र एकाच सहीनं दोघांना जाईल.

ही तिन्ही कामं वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत यंदाच्या पावसाळ्यात करून पाहावीत. मोकळ्या भूखंडांची यादी आपल्याकडे आहेच. ती संकेतस्थळावर टाकली तर कुठल्या भूखंडावर गवत फुलायच्या आत उपटलं गेलं, हे आम्ही रहिवासी जुलैअखेर स्वतः फिरून पाहू आणि लेखी कळवू. बहुधा कुत्री घेऊनच फिरू.

कळावे,
आपला,
वारजे-माळवाडीतला एक करदाता

ता. क. – त्या पानावर मांजरांसाठी वेगळी चौकट हवी. मांजर खाजवण्यापेक्षा जास्त चाटतं, तेही कपाटामागे जाऊन, त्यामुळे पोटावरचे केस गेले तरी घरच्यांना ते स्वच्छतेचं वेड वाटतं. मानेभोवती खसखशीएवढ्या खपल्या हाताला लागल्या तर ॲलर्जीचा विचार करावा. आणि ठळक अक्षरांत लिहावं : कुत्र्यांचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नये. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही, झटके येतात, जीव जातो. औषध नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलं तरी मांजराला बाधा होऊ शकते, म्हणून औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं.